लोखंडाचं पाणी

पूल अगदी लहान आहे. सायकल कठड्याला टेकवून चार पावलं खाली उतरलं की पाण्याशी पोचतो. पहिल्यांदा मी त्या पाण्यात हात घातला, तेव्हा मनगटापर्यंत हात तांबडा दिसायला लागला, कोऱ्या चहाच्या पातेल्यात बुडवल्यासारखा. ओंजळ भरून वर घेतली तर पाणी जवळजवळ स्वच्छ, किंचित पिवळसर. ओंजळीतून पुन्हा खाली सोडलं की परत चहा. तळाला पांढरी वाळू, तिच्यावरून वाहणारं हे तांबूस पाणी, आणि काठाला, जिथे प्रवाह थांबतो तिथे, गढूळ नारिंगी साका आणि वर तेलासारखा तवंग. मला वाटलं, कुणीतरी डिझेल सांडलंय. काडीने तो तवंग हलवला. तेल असतं तर पुन्हा एकत्र आलं असतं. हा तवंग काचेसारखा तुटला आणि त्याचे कोनेदार तुकडे पाण्यावर तरंगत राहिले. तो लोखंडाचा तवंग होता.

हे न्यू जर्सीच्या दक्षिण भागातलं पाइन बॅरन्स. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला सहसा राज्याची वरची बाजू माहीत असते. एडिसन, न्यूयॉर्कची लोकल, वाणसामानाची दुकानं, गणपती, शाळेच्या सभागृहातलं नाटक. मीही वीस वर्षं त्याच पट्ट्यात वावरले. उन्हाळ्यात समुद्रावर जाताना हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांची हिरवी भिंत सुरू व्हायची आणि तासभर संपायची नाही. मुलं मागच्या सीटवर झोपलेली असायची. भिंतीमागे काय आहे, हा प्रश्न कधी पडला नाही. अमेरिकेतलं सर्वांत दाट वस्तीचं हे राज्य. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या मधे दाबून बसलेलं. त्याच्या पोटात ११ लाख एकरांचा हा प्रदेश आहे, राज्याच्या जमिनीचा पाचवा हिस्सा. मुलं शिकायला बाहेर पडली, घरात शनिवार मोकळे झाले, तेव्हा मी आणि माझी नागपूरची मैत्रीण, दोघींनी सायकली घेतल्या आणि गाडीच्या मागे अडकवून दीड तास दक्षिणेला जाऊ लागलो. त्याला आता आठ वर्षं झाली.

आपल्याकडे सायकलवाला भेटला की घाटाची गोष्ट सांगतो. कुठला घाट किती वेळात चढला, कुठे दम लागला, वरून काय दिसलं. इथे सांगण्यासारखा घाटच नाही. ॲपल पाय हिल नावाची टेकडी आहे, ती समुद्रसपाटीपासून २०५ फूट, आणि तिचा इथे मोठा मान. बाकी सगळं ताटलीसारखं सपाट. पहिल्या दोन फेऱ्यांत मला या सपाटीचा खरोखर त्रास झाला. चढ नाही म्हणजे उतारही नाही. पायडल मारायचं थांबलं की सायकल थांबते. शिवाय दूरवरचं काही दिसत नाही. डोंगरात वळण आलं की नवं चित्र उलगडतं. इथे सरळ रस्ता, दोन्हीकडे पाइन, आणि रस्त्याच्या टोकाला पुन्हा पाइन. मैत्रीण म्हणायची, "अगं, आपण पुढे जातोय ना?" तिसऱ्या-चौथ्या खेपेला आम्ही वेग कमी केला. तासाला बारा-तेरा किलोमीटर, कधी त्याहूनही कमी. गप्पा मारता येतील आणि कुणी काही दाखवलं तर लगेच पाय टेकता येईल, एवढाच. मग ते जंगल बोलू लागलं.

आधी कानाला. वारा सुटला की पाइनच्या सुयांमधून एक लांब, खालच्या पट्टीतला सूंऽऽ असा आवाज येतो. तो पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा माझे पाय आपोआप थांबले. दापोली तालुक्यातलं माझं गाव समुद्राच्या काठावर आहे, आणि किनाऱ्याला सुरूचं बन आहे. शाळेतून येताना मी दादाच्या सायकलच्या मागे कॅरिअरवर बसायचे. त्या बनाजवळ वाळूमुळे चाक जड व्हायचं, दादा सीटवरून उठून पायडल मारायचा आणि डोक्यावर हाच आवाज असायचा. सुरू आणि पाइन यांचं नातं नाही, कुळं वेगळी आहेत. पण बारीक सुईसारख्या फांदीतून वारा जाताना जे होतं ते दोन्हीकडे सारखंच. त्या दिवशी संध्याकाळी मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तिथे बघायला काय असतं गं?" मी म्हटलं, "काही नाही रे. झाडं, वाळू आणि लाल पाणी." तो म्हणाला, "मग इथेच यायचंस की."

इथला मुख्य पाइन म्हणजे पिच पाइन. उंच, सरळ, कॅलेंडरवर असतो तसा नव्हे. बुटका, वाकडा, सालीला भेगा पडलेला, एकेका झुबक्यात तीन-तीन राठ सुया. कित्येक झाडांची खोडं काळी, आणि त्या काळ्या खोडातूनच, फांदी नसलेल्या जागी, हिरव्या सुयांचे झुपके फुटलेले. दाढी वाढल्यासारखे. हे जंगल आगीवर जगतं. जाड सालीखाली झोपलेले डोळे असतात. वरचा शेंडा जळून गेला की ते जागे होतात. इथली कितीतरी झाडं अशी आहेत की त्यांची फळं पिकली तरी उघडत नाहीत. एक फळ मी घरी आणलं होतं. मुठीत मावेल एवढं, खवले एकमेकांवर गच्च मिटलेले आणि सांधे राळेने बंद. नखाने उचकटेना, सुरीने उचकटेना. मग ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरभर देवघरातल्या धुपासारखा वास पसरला आणि आतून टक्-टक् आवाज यायला लागला. दार उघडून पाहिलं तर खवले फुलासारखे मागे वळलेले आणि ट्रेवर पंख असलेलं चिमुकलं बी पडलेलं. वणव्याची वाट पाहत हे फळ वर्षानुवर्षं झाडावर बसतं. २०२२ च्या जूनमध्ये इथे मलिका नदीच्या काठाने १३ हजार एकरांहून अधिक जंगल जळलं. त्या नोव्हेंबरात आम्ही तिथून गेलो तेव्हा जमीन काळी होती आणि खोडांना बोटभर हिरवे झुपके आलेले होते.

बॅरन म्हणजे वांझ. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे गहू पेरून पाहिला असेल, भाजी लावली असेल. या आंबट वाळूत त्यांचं काही उगवलं नाही, म्हणून हे नाव. कोकणात आम्ही अशा जमिनीला वरकस म्हणतो. पण आमची वरकस जमीन लाल असते. पाऊस बाकीचं धुऊन नेतो आणि लोखंड मागे राहतं, त्याचा जांभा होतो, त्याच जांभ्याचे चिरे काढून आम्ही घरं बांधतो. इथे नेमकं उलट झालंय. इथलं आंबट पाणी वाळूतलं लोखंडच विरघळवून घेऊन जातं, म्हणून जमीन पांढरी आणि ओढे लाल. पाण्याच्या रंगात सीडरच्या आणि इतर झाडांच्या कुजलेल्या पाल्याचा अंशही आहे, पण काठावरचा तो नारिंगी साका लोखंडाचाच. पाणी उघड्यावर आलं, हवा लागली, आणि काही जीवाणूंनी हातभार लावला, की विरघळलेलं लोखंड गंजासारखं खाली बसतं, चिखल-वाळूला धरतं आणि हळूहळू त्याचा दगड होतो. काढून नेला तर काही दशकांनी त्याच जागी पुन्हा तयार होतो. खनिज पिकतं म्हणायचं.

या पिकावर इथे गावं वसली होती. बॅट्स्टो हे त्यातलं मोठं. आमची फेरी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. १७६६ मध्ये चार्ल्स रीड नावाच्या माणसाने इथे लोखंडाची भट्टी उभारली. भट्टीला तीन गोष्टी लागतात: खनिज, कोळसा आणि चुना. खनिज दलदलीतून खणून होड्यांतून आणायचं. कोळसा म्हणजे पाइन तोडून, रचून, वर मातीचा थर देऊन दिवसेंदिवस धुमसवलेला लाकडी कोळसा. चुन्यासाठी किनाऱ्यावरून शिंपले. भात्याला पाण्याचा जोर हवा, म्हणून नदीला बांध घालून तळं केलं. तिन्ही वस्तू आणि पाणी, सगळं आसपासच. भांडी, कढया, शेगड्या इथे ओतल्या गेल्या आणि स्वातंत्र्ययुद्ध लागल्यावर वॉशिंग्टनच्या सैन्यासाठी तोफगोळेही. इथल्या कामगारांना लढाईवर जाण्यातून सूट होती, इतकं त्यांचं काम मोलाचं होतं. तळ्याच्या गाळात सापडलेली खनिज वाहायची एक जुनी होडी आजही गावात ठेवलेली आहे. लाकूड काळं पडलंय, बूड सपाट. तिच्या कडेवर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते. दलदलीत कंबरभर पाण्यात उभं राहून दगड उपसणाऱ्या माणसाची नावनिशाणी कुठे नाही, पण त्याचं ओझं या फळ्यांनी वाहिलंय.

मग पेन्सिल्व्हेनियात चांगलं खनिज आणि दगडी कोळसा निघायला लागला. दलदलीतल्या लोखंडाला कोण विचारणार? १८४० च्या दशकात भट्टी विझत गेली. मालकांनी त्याच पांढऱ्या वाळूची काच करायला घेतली, खिडक्यांची तावदानं. तेही वीसेक वर्षं चाललं. १८७४ मध्ये गावाला आग लागली, घरं जळली. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाचा उद्योगपती जोसेफ व्हार्टन याने हे सगळं विकत घेतलं. व्यवस्थापन शिकवणाऱ्या ज्या संस्थेत जायचं स्वप्न आपल्याकडची मुलं बघतात, ती याच माणसाच्या नावाची. त्याला लोखंड नको होतं, पाणी हवं होतं. या वाळूखाली पाण्याचा प्रचंड साठा आहे. १७ लाख कोटी गॅलन असा त्याचा अंदाज सांगतात. ते पाणी फिलाडेल्फियाला न्यायचा त्याचा बेत होता. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून पाणी बाहेर नेण्याला बंदी केली आणि बेत बारगळला. पण तोवर तो आजूबाजूची जमीन घेतच गेला होता, आणि एका हाती राहिल्यामुळे ती तुकड्या-तुकड्याने विकली गेली नाही. १९५० च्या दशकात राज्य सरकारने ती घेतली. आज आम्ही सायकल चालवतो ते व्हार्टन स्टेट फॉरेस्ट. पाणी नेण्यासाठी घेतलेली जमीन पाणी राखत बसली आहे, याचा मला दर वेळी मनापासून आनंद होतो.

गावात कामगारांची घरं ओळीने उभी आहेत. बिनरंगाच्या सीडरच्या फळ्या उन्हा-पावसाने रुपेरी करड्या झालेल्या. सरकारने गाव घेतल्यावरही तिथे राहणाऱ्यांना हाकललं नाही; ज्यांना राहायचं होतं ते राहिले, आणि शेवटचा रहिवासी १९८९ मध्ये गेला. त्या घरांमधून चालताना मी गप्प होते. माझ्या गावात आमच्या आळीत आता अकरा घरांपैकी चार उघडी असतात. बाकीच्यांना कुलूप. मे महिन्यात आणि गणपतीत दिवे लागतात, मग पुन्हा अंधार. दादा सकाळी दोन शेजाऱ्यांच्या घरांची कुलपं काढतो, खिडक्या उघडतो, केर काढतो, संध्याकाळी पुन्हा बंद करतो. कुणी सांगितलं नाही, पैसे घेत नाही. म्हणतो, "घराला वारा लागला पाहिजे. वाळवी बंद घरालाच लागते." बॅट्स्टोत लाकडाची निगा राखणारे लोक आहेत, फळी कुजली तर तशीच फळी आणून बसवतात. त्यांचं काम बघताना मला दादाच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा दिसतो.

बॅट्स्टोहून ग्रीन बँकमार्गे उत्तरेला चॅट्सवर्थपर्यंतचा रस्ता माझ्या सर्वांत आवडीचा. डांबरी, शांत, जवळजवळ ३० किलोमीटर. मधे क्रॅनबेरीची शेतं लागतात. ऑक्टोबरात शेतात पाणी सोडतात, फळ झुडपावरून सुटून वर तरंगतं आणि एकरच्या एकर लालभडक होतात. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून माणसं ती फळं एका कोपऱ्याकडे लोटत नेतात. ज्या दलदलीतून पूर्वी लोखंड उपसलं, तशाच दलदलीत नंतर हे पीक आलं. ज्या जमिनीला वांझ म्हटलं तिने जे तिचं होतं तेच दिलं. गहू मागितला म्हणून दिला नाही.

ब्लूबेरीची गोष्ट त्याहून सुंदर आहे. उत्तरेच्या बाजूला व्हाइट्सबॉग नावाचं गाव आहे, तिथे एलिझाबेथ व्हाइट ही क्रॅनबेरीच्या शेतकऱ्याची मुलगी राहायची. रानातली ब्लूबेरी शेतात लावता येईल, असं तिच्या मनाने घेतलं. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाशी तिने हातमिळवणी केली. पण चांगलं झुडूप शोधायचं कुणी? तिने रानात राहणाऱ्या लोकांनाच सांगितलं, मोठ्या फळाचं झुडूप दाखवा, मोबदला मिळेल. त्यांना फळ मोजायला माप दिलं. बाहेरचे लोक या रानवासीयांना अडाणी म्हणत, त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलत. व्हाइटबाईंनी सापडलेल्या झुडपाला शोधणाऱ्याचं नाव दिलं. रूब लीक या माणसाला सापडलेल्या झुडपाचं वाण आजही रूबेल म्हणून लावलं जातं. १९१६ मध्ये लागवडीची पहिली ब्लूबेरी बाजारात गेली. एडिसनच्या दुकानातून मी वर्षानुवर्षं डबे आणले, तेव्हा हे ठाऊक नव्हतं. करवंदाची कुठली जाळी गोड आणि कुठली आंबट हे आमच्याकडे गुरं राखणाऱ्या पोरांना बरोबर माहीत असायचं. त्या जाळ्यांना त्यांची नावं कुणी दिली नाहीत.

एकदा आम्ही वाट चुकलो नाही, पण वाटेने आम्हाला अडवलं. ॲटसायनहून बॅट्स्टोला परतताना मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या टाळायच्या म्हणून आम्ही जंगलातली आडवाट धरली. नकाशात ती ठळक रेघ होती. दोन किलोमीटरनंतर तिची साखर झाली. इथले लोक तिला शुगर सँडच म्हणतात. पांढरी, बारीक, कोरडी वाळू. चाक वीतभर रुतलं, हँडल फिरलं आणि मी कडेला पडले. गुडघा फुटला. हवा कमी करून पाहिलं, तरी चाक वाळूत तिरकं जायचंच. मग दोघी सायकली ढकलत निघालो. दहा-बारा किलोमीटर, पायी. पाणी संपत आलं. चिंता होती, पण त्या चार तासांनी मला जे दाखवलं ते सायकलनेही दाखवलं नव्हतं. ओलसर शेवाळात सुरईच्या आकाराची कीटकभक्षी झाडं, तोंड वर करून पावसाचं पाणी धरून बसलेली. त्यांच्या शेजारी रुपयाच्या नाण्याहून लहान, दवबिंदूसारखे चिकट थेंब मिरवणारी दुसरी. जमिनीत खत नाही म्हणून ही झाडं माशा-मुंग्या धरून पोट भरतात. अंधार पडता पडता दलदलीकडून बेडकांची क्वँक-क्वँक सुरू झाली आणि आम्ही तळ्याच्या बांधावर पोचलो. गाडीत बसण्याआधी टॉर्च लावून एकमेकींच्या पायांवरच्या गोचिडी शोधल्या. तीन सापडल्या. हे मात्र इथे येणाऱ्या प्रत्येकाने न चुकता करावं; या गोचिडींमुळे होणारा आजार साधा नसतो.

हे सगळं शाबूत राहिलं ते आपोआप नव्हे. १९६० च्या दशकात इथे मोठा विमानतळ आणि नवं शहर उठवायचं ठरत होतं. जॉन मॅकफी या लेखकाने त्याच सुमाराला या रानात हिंडून, माणसांशी बोलून एक पुस्तक लिहिलं. ते १९६८ मध्ये आलं. राज्याचे गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी ते वाचलं आणि मनावर घेतलं. १९७८ मध्ये केंद्राचा आणि १९७९ मध्ये राज्याचा कायदा झाला. रानाच्या गाभ्यात बांधकामावर कडक बंधनं आली. ज्यांच्या जमिनी गाभ्यात होत्या त्यांना, मुंबईत टीडीआर म्हणतात तसे, बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकायची सोय दिली. तरी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्यांना ते जाचलं, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. शहरातून आलेल्या आम्हाला जे रान शनिवारी मिळतं, त्याची किंमत काही अंशी त्यांनी मोजली आहे. तरीही कायदा झाला हे बरंच झालं, असं मी ठामपणे म्हणते. आमच्या किनाऱ्यावर सुरूचं बन कापून काय काय उभं राहिलं ते मी पाहिलंय.

टॅबरनॅकल गावाच्या दक्षिणेला, रानाच्या मधोमध, एक दगडी स्तंभ आहे. मेक्सिकोचा वैमानिक एमिलिओ कारान्झा १२ जुलै १९२८ च्या रात्री न्यूयॉर्कहून मेक्सिको सिटीला निघाला आणि वादळात इथे कोसळला. वय २२. मेक्सिकोतल्या शाळकरी मुलांनी नाणं-नाणं जमवलं, त्यातून हा स्तंभ झाला. त्यावर खाली झेपावणारा गरुड कोरला आहे. जवळच्या माउंट हॉलीचे माजी सैनिक दर जुलैत इथे जमतात, मेक्सिकोच्या वकिलातीची माणसं येतात, पुष्पचक्रं वाहतात. एवढ्या वर्षांत त्यांनी परक्या देशातल्या या पोराचा दिवस सोडलेला नाही. आम्ही गेलो तेव्हा ऑगस्ट होता. पुष्पचक्रांतली फुलं वाळून गेली होती, रिबिनी वाऱ्याने हलत होत्या, आणि वर तोच सूंऽऽ आवाज. आम्ही स्तंभाच्या पायरीवर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. मैत्रिणीने एक तुकडा पायरीच्या कोपऱ्यात ठेवला, काही न बोलता.

बॅट्स्टोत जुनं पोस्ट आहे. १८५२ मध्ये सुरू झालेलं, मधे कित्येक वर्षं बंद पडलेलं, पुन्हा उघडलेलं. त्याला पिनकोड नाही. तिकिटावर शिक्का हाताने मारतात. एका शनिवारी ते उघडं सापडलं, तेव्हा मी दादाला एक कार्ड लिहिलं. काय लिहावं सुचेना. मग लिहिलं, इथल्या पाण्यात लोखंड आहे, हात घातला की लाल दिसतो, तू येशील तेव्हा दाखवीन. खिडकीतल्या माणसाने शिक्का शाईत दाबला, कार्डावर टेकवला, जरा वेळ दाबून धरला आणि हळूच उचलला.

कार्ड पोचायला महिना लागला. दादाचा फोन आला तेव्हा तिकडे सकाळ होती, मागे कुणाच्या तरी बंद घराची खिडकी उघडल्याचा आवाज ऐकू येत होता. म्हणाला, "कार्ड आलं गं. शिक्का नीट उमटलाय." मग थोडं थांबून विचारलं, "त्या पाण्यात मासे असतात का?"

"असतात रे," मी म्हटलं. "थोडे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.